ओळीतली जागा

नाताळच्या प्रभुभोजनात द्राक्षारसाच्या जागी लागणारा मनुकांचा रस आमच्या घरी व्हायचा. आमच्या देवळात दारू चालत नसे. देऊळ म्हणजे चर्चच. नाशिकचे आम्ही ख्रिस्ती लोक तेव्हा देऊळच म्हणायचो. काळ्या मनुका निवडायच्या, देठं काढायची, भिजत ठेवायच्या, मंद आचेवर शिजवून हातानं कुस्करायच्या आणि मलमलीतून गाळायच्या. शहाण्या बाईला एकदा दाखवलं की येण्यासारखं काम. अवघड होती ती सासूबाईंची अट. ज्या बाईचा कुणाशी अबोला असेल, तिनं त्या मनुकांना हात लावायचा नाही.

ही अट कुठल्या पुस्तकात नव्हती. छप्पन्नच्या, म्हणजे १८९९ सालच्या, मोठ्या दुष्काळात सासूबाई पोरक्या होऊन मिशनच्या अनाथाश्रमात आल्या, तिथल्या मडमबाईंनी ती त्यांना घातली होती आणि सासूबाईंनी तिला दहा आज्ञांच्या पंक्तीत नेऊन बसवलं होतं. मी सांगते त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळला चार आठवडे असताना, देवळात वेदीवर जांभळा कपडा चढला आणि घरी येऊन सासूबाईंनी मला सांगितलं की यंदापासून रस तू करायचा. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, मावशीशी बोलतेस का. मी नाही म्हटलं. त्यावर त्या पदरानं डोळे पुसून भाजी चिरायला बसल्या. माझा तिच्याशी अबोला आहे हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं, त्यांना तर जास्तच.

मावशी म्हणजे आमच्या वस्तीतली बायबलबाई. बगलेत पुस्तक धरून खेड्यापाड्यांत बायकांना शुभवर्तमान सांगत फिरायची. विधवा, एकटी, सासूबाईंच्या बरोबरीनं अनाथाश्रमात वाढलेली. कुणाच्या घरी बाळंतपण असो की मयत, मावशी आधी पोचायची. माझ्या बाळंतपणालाही तीच होती. श्रावणात मला मुलगा झाला. त्याचा बाप्तिस्मा थांबला होता तो माझ्या वडिलांसाठी. ते नांदगावला तापानं पडले होते आणि नातवाचं नाव त्यांनीच ठेवायचं असं ठरलं होतं. आमच्यात नाव मिळतं ते बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर. तोवर आम्ही नुसतं बाळ म्हणत होतो. वडील बरे व्हायच्या आत बाळालाच ताप भरला आणि एका सकाळी ते गेलं.

मी बाळंतीण, मला कुणी कबरस्थानात जाऊ दिलं नाही. तिथं काय झालं ते मला नवऱ्यानं सांगितलं. नवरा मिशनच्या शाळेत मास्तर होता आणि मी घरातही त्यांना मास्तरच म्हणत असे. शाळेच्या सुतारानं सागवानी फळ्यांची छोटी पेटी केली होती. पाद्रीसाहेबांनी पुस्तक उघडलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, बाळाचा बाप्तिस्मा झाला होता का. बाप्तिस्मा न झालेल्यावर त्या पुस्तकातली प्रार्थना वाचत नाहीत, त्याला इतर कबरींच्या ओळीत जागाही देत नाहीत. मास्तरांच्या तोंडून शब्द फुटेना. जमलेले सगळे मूग गिळून बसले. पाद्रीसाहेब भले माणूस, त्यांनीही उत्तराची वाट न बघता प्रार्थनेचं पान काढायला घेतलं होतं. अशा वेळी मावशी मागून म्हणाली, ‘नाय झाला, पाद्रीसाहेब.’ मग पुस्तक मिटलं गेलं, घंटा वाजली नाही, आणि माझं बाळ कबरस्थानाच्या पश्चिमेला भिंतीकडच्या कोपऱ्यात, बाभळीखाली पुरलं गेलं.

मास्तर म्हणायचे, त्या खरं तेच बोलल्या. माझा नवरा म्हणजे शुद्ध गुळाचा गणपती. ख्रिस्ती बाईनं असं म्हणू नये, पण दुसरा शब्द मला सुचत नाही. खरं काय ते मलाही ठाऊक होतं. पण एवढे पुरुष गप्प उभे असताना हिलाच का तोंड उघडायची घाई झाली, हे मला कुणी सांगत नव्हतं. त्या दिवसापासून मी मावशीशी बोलले नाही. ती ओट्यावर आली की मी आत जायची.

आता आगमनकाळ म्हणजे वाट पाहण्याचा काळ. पाद्रीसाहेब दर रविवारी तेच सांगत होते: मन आवरा, रस्ता नीट करा, बाळ येणार आहे. मी बाकावर बसून ऐकायची आणि माझे हात स्वस्थ राहायचे नाहीत. कुणाचं बाळ येणार आहे? माझं येऊन गेलं, त्याला तुम्ही भिंतीकडे टाकलंत, आणि आता दुसऱ्या आईच्या बाळासाठी मी घर सारवू? हे मी कुणाला बोलले नाही, पण मनात अगदी याच शब्दांत म्हणत होते. मी विश्वास सोडला नव्हता. सोडला असता तर इतकी चडफड झालीच नसती.

घरात एका जागी बसवत नव्हतं. चुना लावायला घेतला तर अर्धी भिंत झाल्यावर उठले. शाळेतल्या बाई नाताळच्या देखाव्याची तयारी करत होत्या. गव्हाणीत ठेवायच्या बाहुलीसाठी एखादं झबलं आहे का म्हणून विचारायला आल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. मी नाही म्हटलं आणि त्या गेल्यावर ट्रंकेला कुलूप लावलं. मग कुलूप काढलं, झबली बाहेर काढून घड्या मोडल्या, पुन्हा केल्या, आणि सासूबाई आतून काय चाललंय म्हणून विचारू लागल्यावर ट्रंक पलंगाखाली ढकलली.

मनुका आणायला भद्रकालीच्या बाजारात गेले. सुक्या मेव्याचे ते दुकानदार मुसलमान होते, सासूबाईंना बहीण मानून आपा म्हणायचे आणि नाताळच्या मनुका वेगळ्या काढून ठेवायचे. आदल्या वर्षी सासूबाईंनी त्यांना सांगितलं होतं की सुनेला दिवस आहेत. त्यांनी हसून विचारलं, बेटा, बाळ कसं आहे. मी सांगितलं. ते खाली बघत मनुका चाळत राहिले, खडे काढत राहिले. मग हळूच म्हणाले, आपाला माझा सलाम सांगा. मला त्यांचा राग नाही आला. त्या सबंध महिन्यात ज्यांचा राग आला नाही असे ते एकच असावेत.

दुसऱ्या रविवारी मी एक युक्ती केली. देवळाच्या व्हरांड्यात मावशी समोरून येत होती, तिला मी सगळ्यांदेखत ‘सलाम मावशी’ म्हटलं आणि उत्तराची वाट न पाहता पुढे गेले. घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, मोडला अबोला, द्या मनुका. त्यांना दिसत नसलं तरी ऐकू चांगलं येत होतं. त्या म्हणाल्या, नुसते ओठ हलले, सूनबाई. मनुका तिथंच राहू दे. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, असंही वर एक वाक्य त्यांनी भिंतीला ऐकवलं.

मला खरं तर मनुकांशी काही देणंघेणं नव्हतं. मला हवी होती ओळीतली जागा. माझ्या बाळाला त्या कोपऱ्यातून काढून माणसांच्या ओळीत आणायचं, त्याच्यासाठी घंटा वाजवायची. मास्तर नुसतेच सुस्कारे सोडत होते, म्हणून एका सकाळी मीच पाद्रीसाहेबांच्या बंगल्यावर गेले. त्यांच्या बाईंनी चहा पुढे केला, तो मी घेतला नाही. मी उभ्यानंच म्हटलं, चार महिने झाले, पेटी सागवानी आहे, माती सैल आहे, नाताळच्या आत माझ्या मुलाला ओळीत घ्या.  पाद्रीसाहेब म्हणाले की पुस्तकातली प्रार्थना माझ्या हातात नाही, ओळीचं मात्र मंडळीच्या पंचांशी बोलतो. रविवारी देवळात सगळ्यांना विचारीन, आणि कुणाची हरकत नसेल तर पुढच्या शनिवारी करू. मी बंगल्याच्या पायऱ्या उतरले. आनंद होता, पण भीती त्याहून मोठी होती. कुणाची हरकत नसेल तर. हरकत कोण घेणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

तो सगळा आठवडा मी मावशीच्या दारावर नजर ठेवून होते. ती कुठे जाते, कुणाशी बोलते. खेड्यांवर जाईल तर बरं, रविवारी परत येणार नाही. ती गेली नाही. तिसऱ्या रविवारी उपासना संपत आली तेव्हा पाद्रीसाहेब पायरी उतरून खाली आले आणि त्यांनी साध्या भाषेत सगळं मांडलं. कुणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणावं, असं ते म्हणाले.  बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर मावशी होती. तिनं पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि ती उभी राहिली.  पण ती काही बोलली नाही. बाकांमधून वाट काढत, कुणाकडे न बघता, दारातून बाहेर गेली. पाद्रीसाहेबांनी सांगितलं की हरकत नाही असं मी समजतो.

मी जिंकले होते. मास्तरांनी माझ्याकडे बघून डोळे पुसले. आणि माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. एवढा तिरस्कार, की माझ्या बाळाला जागा मिळताना तिला बघवतही नाही?

घरी सासूबाईंनी मनुकांची पिशवी माझ्यासमोर ठेवली. आता भिजवल्या नाहीत तर रस वेळेवर व्हायचा नाही, म्हणाल्या. तुला हवं ते मिळालं, आता तिच्याकडे जा. नाहीतर ही पिशवी मी दुसऱ्या घरी पाठवते. मी म्हटलं, जाते, चांगलीच जाते. मी समेट करायला निघाले नव्हते. मला तिला तोंडावर विचारायचं होतं.

मावशीच्या दाराला कडी होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, देवळातून परस्पर कबरस्थानाकडे गेल्यात, रविवारच्या जातातच. मी बाळ गेल्यापासून तिकडे पाऊल ठेवलं नव्हतं. भिंतीकडचा तो कोपरा बघायचा नाही, बाळ ओळीत आलं की मगच बघायचं, असा माझा हट्ट होता. पण रागाला हट्ट दिसत नाही. दुपारचं ऊन होतं, वारा मात्र गार होता, आणि मी जवळजवळ पळतच फाटकातून आत शिरले.

मावशी भिंतीपाशी जमिनीवर बसली होती. पुढ्यात एक लहानसा उंचवटा होता, त्याच्यावरचं गवत उपटलेलं होतं. तो माझ्या बाळाचा हे मला कुणी सांगायला नको होतं. मी तिच्या डोक्याशी उभी राहून म्हटलं, ‘उठून गेलात. हरकत होती तर तोंडानं सांगायची. मागच्या वेळी बरं तोंड उघडलंत.’

ती म्हणाली, बस. मी म्हटलं, बसायला आले नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचा हात माझ्या बाळाच्या उंचवट्यावर नाही. त्याच्या पलीकडे, भिंतीला अगदी लागून, नदीतल्या गोट्यांचं एक छोटं कडं होतं. गोटे जुने, अर्धे मातीत गेलेले. कडं इतकं लहान की मोठ्या परातीखाली झाकलं गेलं असतं. तिचा हात त्याच्यावर होता.

‘ही माझी हाय,’ ती म्हणाली.

तिनं जे सांगितलं ते तिनं बहुधा आयुष्यात एकदाच सांगितलं. लग्नानंतर नवरा-बायको देवळा गावाजवळच्या एका खेड्यात मिशनच्या कामावर होती. बाळंतपणाला ती नाशिकला आली. मूल जन्मलं, पाद्रीसाहेबांना बोलावायला माणूस गेला, आणि ते यायच्या आत मूल गेलं. तेव्हाचे पाद्रीसाहेब निराळे होते. त्यांनी नियम सांगितला आणि बाळाला इथं ठेवलं. पुढे प्लेगात नवरा गेला, पाद्री बदलले, अनाथाश्रमातल्या जुन्या बायका पांगल्या. वस्तीत हे ठाऊक असणारी आता एकच होती, माझी सासू.

‘इतकी वर्सं हितं एकटी व्हती गं,’ मावशी म्हणाली. ‘मी यायची, बसायची. पन दिवस मावळला की घरी जावंच लागायचं. पाद्रीसाहेबांनी इचारलं तवा समदे गप व्हते, मीबी गप ऱ्हायली असती तर तुझं बाळ ओळीत गेलं असतं. खरं सांगावं म्हनून नाय बोलले मी, पोरी. मला वाटलं, हिला सोबत व्हईल.’

त्या क्षणी मला काय वाटलं ते जसंच्या तसं लिहिते. तिथला एक गोटा उचलून तिच्या डोक्यात घालावा असं वाटलं. चार महिने मी समजत होते की ही बाई नियमाची, सत्याची पोटतिडकीनं राखण करणारी आहे. त्या सत्याचा मी द्वेष केला होता, पण मनातून त्याला घाबरतही होते. आणि आता कळत होतं की सत्यबित्य काही नव्हतंच. तिनं तिच्या लेकीसाठी माझं लेकरू मागून घेतलं होतं. कुणाला न विचारता, मी अंथरुणावर पडलेली असताना.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. आज देवळात उठून ‘नको नेऊ त्याला’ म्हणावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडानं म्हणू, म्हणून बाहेर आले, एवढं तिनं सांगितलं. श्रावणापासून प्रभुभोजनालाही ती गेली नव्हती. मी तिच्याकडे पाठ फिरवून बसत होते, मला ते कळलंच नव्हतं.

 पाय दुखायला लागले तेव्हा मी खाली बसले. बसल्यावर ते दोन उंचवटे शेजारी शेजारी दिसले. हात लांब केला असता तर मधली जागा एका वितीत भरली असती. माझ्या तोंडून शब्द निघाला तो माझा मलाच परका वाटला.

‘कशी होती?’ मी विचारलं.

‘गोरी व्हती. मुठी आवळूनच आली, लय रागीट.’ मग ती म्हणाली, ‘तुझ्यावानी.’

क्षमा हा शब्द आमच्या देवळात फार स्वस्त झाला होता. तो मी तिथं काढला नाही, तिनंही मागितली नाही. दिवस कलायला लागला तशा आम्ही उठलो आणि बरोबर चालत वस्तीत आलो. मी तिला म्हटलं, मनुका निवडायच्या आहेत, मला एकटीला उरकायचं नाही. ती आली. सासूबाईंनी पाट दिले आणि कुणाला काही विचारलं नाही. मीच नंतर त्यांना म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं, मग मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, तिचं होतं ते तिनं सांगायचं.

एवढ्यानं मन निवलं असेल असं वाटत असेल तर ते चूक आहे. शनिवारपर्यंतचे दिवस त्याआधीच्या महिन्याहून वाईट गेले. मी ओळीतली जागा बघून आले. कोपऱ्यासारखी बाभळीच्या सावलीत नव्हती, तिथं सकाळचं ऊन पडायचं. एका बाजूला जुने हेडमास्तर होते, दुसऱ्या बाजूला आमच्या वस्तीतली एक थोरली आजी. मी मागितलेलं सगळं तिथं होतं. तरी मी पोळी तव्यावर टाकून विसरायची, मध्येच उठून दारात जायची, मास्तरांनी काही विचारलं की अंगावर धावून जायची. मावशी रोज येत होती, मनुका कुस्करत होती आणि शनिवारबद्दल एक अक्षर काढत नव्हती. ती रडली असती, विनवणी केली असती, तर मला नाही म्हणायला किती सोपं गेलं असतं.

शनिवारी सकाळी आम्ही कबरस्थानात गेलो. पाद्रीसाहेब, मास्तर, शाळेचा सुतार आणि मी. मावशी आली नव्हती. दवानं गवत ओलं होतं. ओळीत नवा खड्डा तयार होता, त्याच्या काठावर काढलेली माती नीट थापून ठेवली होती. देवळात घंटेच्या दोरीपाशी माणूस उभा केला होता. सुतारानं भिंतीपाशी जाऊन पहारीचं टोक मातीला लावलं.

मी म्हटलं, थांबा.

सुतार थांबला. मी म्हटलं, राहू द्या त्याला इथंच.

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की अजून ते डोळे मला विसरता येत नाहीत. चार महिने मी त्या माणसाला झोपू दिलं नव्हतं ते याच एका गोष्टीसाठी. पाद्रीसाहेबांना वाटलं, मला पेटी बघवणार नाही. बाजूला जाऊन उभी राहा म्हणाले. मी म्हटलं, तसं नाही. मग का, त्यांनी विचारलं. मावशीची गोष्ट माझी नव्हती, ती मी कशी सांगणार?

‘इथं त्याला सोबत आहे,’ मी म्हटलं.

पाद्रीसाहेबांनी भिंतीकडे पाहिलं, बाभळीकडे पाहिलं, मग खाली. मातीत रुतलेले ते गोटे त्यांना दिसायला थोडा वेळ लागला. दिसले तेव्हा त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि मास्तरांकडे दिलं, कारण त्यांना जे करायचं होतं त्यासाठी त्या पुस्तकात पान नव्हतं. टोपी काढून त्यांनी मला हलक्या आवाजात विचारलं, मग प्रार्थना इथंच करू ना?

‘करा, दोघांची करा,’ मी म्हटलं. ‘पण जरा थांबा.’ आणि मावशीला आणायला मी फाटकाकडे निघाले.